घेतलं, विकलं, की नुसतं हलवलं?

पेणला बाईंच्या क्लासात भिंतीवर दोन घड्याळं होती. एक बरोबर चालायचं आणि दुसरं साडेपाच तास मागं. नव्या मुलांच्या पालकांना वाटायचं, बिघडलंय. एकदा मुलीची फी भरायला आलेले एक भले गृहस्थ बाकावर चढले, ते घड्याळ खाली काढलं, आपल्या मनगटावरच्या घड्याळाशी जुळवलं आणि परत टांगलं. वर हसून म्हणाले, "बाई, सेल चांगला आहे, फक्त वेळ लावायची राहिली होती." बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग गृहस्थांकडे पाहिलं.

"तुम्ही ग्रीनिचची वेळ बदललीत," त्या म्हणाल्या.

ते बिचारे घाबरून दाराशी चपला शोधायला लागले.

मी त्या क्लासात बरीच वर्षं शिकवायला होते. मुळात तो टायपिंगचा क्लास, पहिल्या मजल्यावर, बाईंच्या राहत्या घराच्या पुढच्या खोलीत. मराठी-इंग्रजी टंकलेखन यंत्रांची रांग एका भिंतीला, रेक्झिनच्या गवसण्या घालून. समोरच्या भिंतीला कॉम्प्युटर. यंत्रांवर आता कोणी बसत नव्हतं, तरी दर शनिवारी बाई गवसण्या काढून त्यांना तेल द्यायच्या. विकून टाका म्हटलं तर म्हणायच्या, "त्यांनी काय घोडं मारलंय?" लग्न त्यांनी केलं नव्हतं. आई लवकर गेली, धाकट्या भावाला त्यांनी वाढवलं, त्याला नोकरीला चिकटवलं, त्याचं लग्न लावलं, आणि मग स्वतःचं काही करायचं राहून गेलं. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. पेणमध्ये अशा गोष्टी सांगाव्या लागत नाहीत.

बाईंचा एका शब्दावर राग होता. तो शब्द 'साधारण'. क्लासात कुणी 'साधारण' किंवा 'अंदाजे' म्हणालं की त्याने फळा पुसायचा. रिक्षावाल्याने "साधारण तीस होतील," म्हटलं की बाई खाली उतरायच्या आणि दुसरी रिक्षा बघायच्या. फळा माझ्याही वाट्याला बरेचदा आला.

आता त्या दुसऱ्या घड्याळाचं. धरमतरच्या जेटीवर क्रेन चालवणारा त्यांचा एक जुना विद्यार्थी एक दिवस मोबाईल घेऊन आला. त्याने क्रिप्टोत, म्हणजे इंटरनेटवरच्या नाण्यांत, पैसे घातले होते. तेव्हा धाटावच्या कंपन्यांतली, जेटीवरची, गणपतीच्या कारखान्यांतली कितीतरी माणसं त्यात पैसे घालत होती. मग सरकारने त्यावर कर लावला, आणि याच्या कर-सल्लागाराने याला सांगितलं, आधी सगळे व्यवहार एका सॉफ्टवेअरमध्ये नीट भरून आण, मग मी बघतो. तो बाईंना म्हणाला, "बाई, तुमच्यासारखं अचूक टायपिंग पेणमध्ये कुणाचं नाय. एवढं भरून द्या."

त्याला वाटलं होतं, हे टायपिंगचं काम आहे. बाईंनाही तसंच वाटलं. पण बाईंना न समजलेला मजकूर टाईप करता यायचा नाही. आठवडाभर त्यांनी त्या व्यवहारांचा पिच्छा पुरवला, आणि मग पेणमध्ये क्रिप्टोच्या नोंदी करून देणारी एकच व्यक्ती झाली, ती म्हणजे साठीच्या, सुती साडीतल्या, स्वतःकडे एकही नाणं नसलेल्या आमच्या बाई.

घड्याळ त्याच आठवड्यात आलं. या व्यवहारांच्या फाईलींत वेळ ग्रीनिचची असते. रात्रपाळी सुटल्यावर पहाटे चारला विकलेलं नाणं फाईलीत आदल्या दिवशी विकलेलं दिसतं. एरवी त्याने कुणाचं काही बिघडत नाही. पण मार्च संपून एप्रिल लागतो त्या पहाटे विकलं असेल, तर अख्खं आर्थिक वर्ष बदलतं. क्रेनवाल्याचं नेमकं तसं झालं होतं. बाईंनी ते पकडलं आणि त्याच संध्याकाळी बाजारातून घड्याळ आणून भिंतीला लावलं.

माणसं यायला लागली. मोबाईल पुढे करून म्हणायची, "बाई, हे भरा." बाई मोबाईलला हात लावायच्या नाहीत. आधी विचारायच्या, "काय केलंत? घेतलंत, विकलंत, बदललंत, की नुसतं हलवलंत?"

बहुतेकांना सांगता यायचं नाही. एक नाणं देऊन दुसरं घेतलं तर ते 'बदललं', आणि बदललं म्हणजे पहिलं विकल्यासारखंच, त्याच्यावर कर आहे. आपलंच नाणं आपल्याच एका खात्यातून दुसऱ्यात, म्हणजे नाणी विकत घेतात त्या एक्स्चेंजवरून आपल्या मोबाईलमधल्या पाकिटात, टाकलं तर ते 'हलवलं', त्याच्यावर काही नाही. सॉफ्टवेअरला हे आपोआप कळत नाही. हलवलेलं त्याला कधी विकलेलं वाटतं, तर कधी नवीन आलेलं. म्हणून बाई माणसाकडून मोठ्याने वदवून घ्यायच्या. पोह्याच्या गिरणीचे एक दणदणीत मालक बाईंसमोर शाळेतल्या मुलासारखे उभे राहून "हलवलं, हलवलं, विकलं, हलवलं," असं म्हणताना मी पाहिलेत.

मग बाई ताठ बसायच्या, पुठ्ठ्याची पट्टी पडद्यावर धरून एक-एक ओळ उघडी करायच्या आणि आकडे वाचायच्या. दशांश चिन्हापुढे आठ-आठ आकडे. एकदा एकजण कंटाळून म्हणाला, "बाई, शेवटचे दोन-तीन सोडून द्या ना, किती पैशाचे ते?"

"सोडते," बाई म्हणाल्या. "तुझ्या नावातलं शेवटचं अक्षरही सोडते. चालेल?"

भाव वर जाईल का खाली, असं त्यांना सगळे विचारायचे. त्या म्हणायच्या, "मी वेधशाळा नाही." एवढ्यावर तो विषय संपायचा.

लोकांना त्या तऱ्हेवाईक वाटायच्या आणि त्या होत्याच. पण मी त्यांना माणसं गेल्यावरही बघितलंय. कुणाचं नुकसान झालेलं असलं, तर ते भरून झाल्यावर बाई उठून खिडकीशी उभ्या राहायच्या. "बिचाऱ्याने पोरीच्या कॉलेजचे घातले असणार," असं काहीतरी पुटपुटायच्या. समोरच्याला मात्र हे कधी कळू द्यायच्या नाहीत. त्याच्यापुढे त्यांचा चेहरा घड्याळासारखाच कोरा असायचा.

आता त्यांच्या भावाचं सांगते.

भाऊ रोह्याला राहायचा, धाटावला एका कंपनीत शिफ्टमध्ये होता. क्लासात पुस्तकी मराठी बोलणाऱ्या बाई तो आला की एकदम खाडीकाठच्या होऊन जायच्या. त्याला 'बाबू' म्हणायच्या, तो त्यांना 'ताय'. बापाची खाडीलगतची खारजमीन विकली गेली तेव्हा बाईंनी आपला वाटा घेतला नाही, सगळं त्यालाच दिलं. त्यातलं बरंचसं त्याने हळूहळू नाण्यांत घातलं होतं.

एका रविवारी तो बायकोबरोबर पेढे घेऊन आला. क्लासला सुट्टी होती, मी परीक्षेचे पेपर लावत बसले होते. बाई रात्रीच्या बिरड्यासाठी भिजवलेले वाल सोलत होत्या.

"ताय, राजीनामा दिला," तो म्हणाला. "महिनाभरात सुटतो. कोलाडला हायवेवर जागा बघितलीय. हॉटेल टाकतो. दसऱ्याला इसार द्यायचा."

बाईंच्या हातातला वाल हातातच राहिला. "आणि पैशे?"

त्याने मोबाईल काढला. "हे बघ. तुझं बघून बघून सॉफ्टवेअरात मीच भरलं सगळं. तुला एका शब्दानं विचारलं नाय."

बाईंचा चेहरा इतका फुलला की मी पेपर बाजूला ठेवून बघत राहिले. आपल्या भावाने आपलं काम आपणहून शिकून घेतलं, याचा तो आनंद होता. त्यांनी पदराला हात पुसले, पुठ्ठ्याची पट्टी घेतली आणि वाचायला लागल्या. मधेच थांबल्या. परत वरून सुरुवात केली.

"बाबू, हे पाकिटातलं कुठनं आलं?"

"एक्स्चेंजवरनं हलवलं ना. सगळे सांगत होते, आपलं आपल्या पाकिटात ठेवा."

"मग एक्स्चेंजवर अजून कसं दिसतंय?"

"तिथं हाय म्हणून दिसतंय."

"एक्स्चेंज उघड."

"पासवर्ड कुठं हाय आता? फोन बदलला. आणि इथं सगळं एका जागी दिसतंय, तर तिकडं कशाला जायचं?"

घडलं होतं ते साधं होतं. त्याने एक्स्चेंजची जी फाईल चढवली, तिच्यात फक्त खरेदी होती. तिथून नाणी बाहेर गेल्याची नोंद वेगळ्या फाईलीत असते, ती त्याने घेतलीच नव्हती. पाकिटाने मात्र नाणी आल्याची नोंद केली. सॉफ्टवेअरला पोचल्याची खबर होती, निघाल्याची नव्हती. त्यामुळे तीच नाणी दोन्हीकडे दिसत होती, म्हणजे रक्कम दुप्पट, आणि पाकिटातली तर फुकट आल्यासारखी, सगळा नफाच.

बाईंनी हे त्याला सांगितलं. तो हसला. त्यांनी परत सांगितलं. मग त्यांनी सोललेल्या वालाची वाटी उचलली, शेजारच्या रिकाम्या वाटीत ओतली आणि त्याच्यासमोर धरली.

"या वाटीतनं त्या वाटीत घातले. वाढले काय?"

त्याने मोबाईल खिशात टाकला. बाईंनी परत इकडचे तिकडे ओतले. "सांग ना. वाढले काय?"

त्याने हाताने वाटी उडवली. वाल क्लासभर झाले.

"तुला बघवत नाय," तो ओरडला. "जन्मभर तू मोजायचं आणि मी ऐकायचं. तू सांगशील त्या शाळेत गेलो, तू सांगशील तिथं चिकटलो. आज मी माझ्या डोक्यानं चार पैशे मिळवले, तर तुला त्यातपण चूक दिसली. चूकच दिसते तुला. माणूस दिसत नाय."

तो खाली उतरून गेला. त्याची बायको, आमच्या वहिनी, वाकून वाल वेचत होत्या, बाई म्हणाल्या, "ऱ्हाव दे गो. जा तू त्याच्याबरोबर."

पेढ्यांचा पुडा तसाच पडला होता. बाईंनी तो मला दिला. "घरी ने. पोरांना दे."

त्या आठवड्यात मी बाईंची चूक पाहिली. गिरणीवाल्यांच्या एका नोंदीत दशांश चिन्ह एक घर सरकलं होतं. मी दाखवलं तेव्हा त्यांनी ते नीट केलं आणि खुर्ची मागे सरकवून बसून राहिल्या.

"मी बरोबर होते," त्या म्हणाल्या. "पण मी त्याला वर्गात शिकवल्यासारखं शिकवलं गं. बायकोसमोर. तुझ्यासमोर. वाट्या कसल्या नाचवत बसले मी! त्याला बाजूला घेऊन सांगायचं होतं."

मग थोड्या वेळाने, "तुझी स्कूटर हाय ना गो?"

दुपारी क्लास बंद करून आम्ही निघालो. नागोठण्यावरून रोहा, पुढे धाटाव. बाई स्कूटरवर पहिल्यांदाच बसत होत्या. एका हाताने माझा खांदा आणि एका हाताने पर्स धरून त्या सबंध वाट एक शब्द बोलल्या नाहीत. खड्ड्यांतही नाही.

कंपनीच्या गेटसमोर चहाच्या टपरीजवळ आम्ही थांबलो. शिफ्ट सुटली. बसगाड्या भरायला लागल्या, मोटरसायकली एकमेकींना खेटून बाहेर पडायला लागल्या. हवेला रसायनांचा तिखट वास होता, बाईंनी नाकाला पदर लावला. भाऊ दिसला. त्यानेही आम्हाला पाहिलं आणि मान फिरवली. बाई सरळ त्या गाड्यांच्या गर्दीत शिरल्या. हॉर्न वाजत होते, कुणीतरी "ओ आजी," म्हणून ओरडलं. त्यांनी जाऊन त्याच्या मोटरसायकलचं हँडल धरलं.

"इथं तमाशा नको, ताय," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"तमाशा कराय नाय आले. हाटेल नको टाकू म्हणाय पण नाय आले. टाक. फक्त इसार द्यायच्या आधी ते एक्स्चेंज एकदा उघड. मला नको दाखवू. कुणालाच नको दाखवू. एकटा बस आणि बघ. मी चुकले असले तर मी हाटेलात येऊन तुझ्या गल्ल्यावर बसेन, फुकट."

त्याने हँडलवरचा त्यांचा हात बाजूला केला. जोरात नाही, पण केला. आणि गेला.

पुढचं मला नंतर वहिनींनी सांगितलं. दोन दिवस तो तसाच फिरत होता. मग कंपनीतल्याच कुणालातरी धरून पासवर्ड सोडवून घेतला, आणि घरी न येता स्टेशनाजवळ गाड्या लावतात तिथे मोटरसायकलवर बसून त्याने एक्स्चेंज उघडलं. तिथे काही नव्हतं. जे होतं ते पाकिटात, आणि ते मूळ घातलेल्या रकमेच्या आसपास. हॉटेल सोडाच, जागेचे पैसेही पुरले नसते. तो तिथे बराच वेळ बसून राहिला. घरी आल्यावर जेवला नाही. सकाळी कंपनीत जाऊन राजीनामा परत मागितला. साहेबाने चार माणसांत त्याची चेष्टा केली, पण कागद परत दिला.

बहिणीला मात्र त्याने कळवलं नाही. रागाने नाही. वहिनी म्हणाल्या, "त्यांना तोंड दाखवायला लाज वाटते." वहिनींनीच बाईंना चोरून फोन करून राजीनामा परत घेतल्याचं सांगितलं होतं. बाई फोनवर एवढंच म्हणाल्या, "बरं झालं गो." फोन ठेवला आणि देवासमोर दिवा लावला. दिवेलागण व्हायची होती अजून.

"तुम्ही करा ना फोन त्यांना," मी म्हटलं.

"लाजलेल्या माणसाला फोन करू नये. तो उचलतो आणि मग त्याला आणखी लाज वाटते. येईल तो."

त्या वर्षी भाऊबीजेला तो आला नाही. मी संध्याकाळी फराळाचं द्यायला बाईंकडे गेले होते. ताट वाढून झाकून ठेवलेलं. बाई नवीन साडी नेसून गच्चीवर उभ्या होत्या. भाऊ नसला की बायका चंद्राला ओवाळतात, तसं त्यांनी त्या कोरीला ओवाळलं. ती लगेच बुडाली. "चल, जेवून जा," त्या मला म्हणाल्या. "त्याच्या आवडीचं आहे सगळं. वाया नको जायला."

वर्षभर त्यांनी कामं केली. माणसं यायची, "हलवलं, विकलं" म्हणायची. मला एकच बदल दिसला. कुणाची चूक सापडली, की बाई बाकीच्यांना बाहेर पाठवायच्या. "जरा चहा घेऊन या तुम्ही," म्हणायच्या. दार लोटून घ्यायच्या आणि मग सांगायच्या. मलाही बाहेर जावं लागायचं. दाराबाहेर उभी राहून मी कितीतरी वेळा आतून बाईंचा आवाज ऐकलाय, शब्द न कळणारा, हळू.

पुढच्या भाऊबीजेला सकाळीच त्यांनी मला बोलावणं पाठवलं. काही कारण नव्हतं. मला वाटतं, पुन्हा एकटं ताट वाढायची त्यांना भीती वाटत असावी. आम्ही दोघी करंज्यांचा डबा उघडत होतो, तोच जिन्यावर मोटरसायकलवाल्या बुटांचा आवाज आला. दारात भाऊ उभा, मागे वहिनी. तो वाळला होता.

मी डबा बाजूला सरकवला. बाईंनी पाट मांडला. तो टोपी घालून बसला. कुंकू लावताना बाईंचा अंगठा थोडा घसरला, नाम वाकडा झाला. निरांजन ओवाळून झालं. त्याने खिशातून एक जुना फोन काढला आणि तबकात ठेवला.

"हे काय रे?"

"पाकीट उघडलंय, तुझ्या नावाचं. थोडंसं घातलंय त्यात. जास्त नाय." तो खाली बघत होता. "सगळ्यांचं भरतेस, तुझं स्वतःचं कधी काय नव्हतं."

बाईंनी तबक खाली ठेवलं. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, माझ्याही. मला वाटलं, आता बाई रडतील. बाई उठल्या, चष्मा आणला, कॉम्प्युटर सुरू केला आणि निरांजन तसंच जळत ठेवून सॉफ्टवेअरमध्ये स्वतःच्या नावाचं खातं उघडायला लागल्या.

"अहो ताई, आता?" वहिनी म्हणाल्या.

"आत्ताच. मग ऱ्हातं." त्यांनी यादीतून 'भेट' निवडलं. "बाबू, भेट आली की देणाऱ्याने ज्या भावाला घेतलं तोच भाव धरतात. हे तू कितीला घेतलेलास?"

मी भावाकडे पाहिलं. वाल सांडले त्या दिवसानंतर त्यांनी त्याला आकड्यांबद्दल विचारलेला हा पहिलाच प्रश्न होता.

भाऊ पाटावर बसल्या बसल्या स्वतःचा मोबाईल काढून बघायला लागला. तारीख सांगितली, भाव सांगितला, किती नाणं ते सांगितलं. दशांश चिन्हापुढचे आठही आकडे, एक एक सुटा करून, सावकाश. बाई टाईप करत होत्या. त्यांनी पुठ्ठ्याची पट्टी घेतली नाही. त्या पडद्याकडेही बघत नव्हत्या. टायपिंगच्या बाई त्या, बोटांना माहीत होतं, त्या भावाकडे बघत होत्या. त्याचे आकडे संपले तरी क्षणभर त्यांची बोटं चालू राहिली, मग त्यांनी ते जादाचं खोडलं.

तेवढ्यात निरांजन विझलं. वहिनी हळहळल्या, "विझलं बघा, अपशकुन."

"कसला अपशकुन? तूप कमी होतं," बाई म्हणाल्या. त्यांनी वात पुढे ओढली, तूप घातलं, काडी लावली. भाऊ उठायला लागला तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं, त्याची टोपी सारखी केली, कपाळावरचा वाकडा नाम ओल्या बोटाने पुसून दुसरा लावला, अगदी सरळ. आणि एकाच भाऊबीजेला भावाला दुसऱ्यांदा ओवाळलं.